‘शेवटची सूचना’ किती वेळा?

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या कार्यालयात टपालाचा गठ्ठा येतो. त्यात कविता असतात, पाककृती असतात, अंक न मिळाल्याच्या तक्रारी असतात, एखादी लग्नपत्रिकाही असते. काही महिन्यांपूर्वी त्या गठ्ठ्यात एक जाड पाकीट होते. आत तीन पावत्यांच्या झेरॉक्स, तीन छापील पत्रे आणि वहीच्या पानांवर निळ्या शाईने लिहिलेले एक पत्र. अक्षर पाहताच कळत होते की लिहिणाऱ्याने आयुष्यभर फळ्यावर सुविचार लिहिले आहेत.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातले हे आमचे जुने वाचक. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. गाव त्यांना गुरुजी म्हणते, आपणही गुरुजीच म्हणू.

गुरुजींकडे तीन मासिके येतात. एक आमचे, एक नातवंडांसाठी मुलांचे आणि एक आरोग्याचे. या तिसऱ्या मासिकाकडून त्यांना एक पत्र आले, की आपली वर्गणी संपत आहे. त्यांनी पैसे पाठवले. चार महिन्यांनी दुसरे पत्र आले. त्यावर लाल अक्षरांत ‘शेवटची सूचना’ असे छापलेले. आपले पैसे पोहोचले नसावेत असे समजून त्यांनी पुन्हा पाठवले. पुढे तिसरे पत्र आले. तीन वर्षांची वर्गणी भरा, सोबत प्रवासी बॅग मोफत, संधी फक्त या महिनाअखेरपर्यंत. गुरुजींनी तीही भरली. चौदा महिन्यांत त्यांनी एकाच मासिकाचे पाच वर्षांचे पैसे भरले होते.

ईदला पुण्याहून मुलगा घरी आला, तेव्हा त्याच्या हाती या पावत्या लागल्या. त्यानंतर काय झाले ते गुरुजींनी थोडक्यात लिहिले आहे. मुलगा रागावला नाही. शांतपणे म्हणाला, “अब्बा, आता तुम्ही पैशांचं काही बघू नका. मी बघतो.” जाताना तो पासबुक आणि चेकबुक सोबत घेऊन गेला.

“पैसे गेले याचे मला फारसे वाईट वाटत नाही,” गुरुजी लिहितात. “मुलगाही माझ्या भल्यासाठीच बोलला. पण शाळेच्या पोषण आहाराचा आणि बांधकामाचा हिशेब मी ठेवला, त्यात कधी एका रुपयाचा फरक निघाला नाही. आता घरात दूधवाल्याचे बिलसुद्धा माझ्यासमोर कुणी काढत नाही.”

पत्राच्या शेवटी एक ओळ आमच्यासाठी होती. तुमच्याकडूनही वर्गणी संपल्याचे पत्र आले आहे, तरी माझी मुदत नक्की कधीपर्यंत आहे ते कळवावे.

ती ओळ वाचून आम्ही खजील झालो. का, ते पुढे येईलच.

त्या पत्रांत नव्हते ते

गुरुजींनी पाठवलेली तिन्ही छापील पत्रे आम्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचली. त्यांत रक्कम होती, पैसे भरण्याची अखेरची तारीख होती, बँकेचा तपशील होता, बॅगेचे चित्रही होते. पण चालू वर्गणी कोणत्या महिन्यात संपते, ही एकच गोष्ट तिन्ही पत्रांत कुठेही नव्हती. ती एक ओळ छापली असती, तर गुरुजींनी पुढचे पैसे पाठवलेच नसते.

दुसरे पत्र तर पाहताक्षणी वीजबिल वाटावे असे होते. वर ग्राहक क्रमांक, मध्ये चौकट, चौकटीत ‘देय रक्कम’. वास्तविक मासिकाची वर्गणी हे देणे नसते. वर्गणी आधी भरायची आणि अंक नंतर घ्यायचे, अशी ही रीत आहे. मुदत संपली आणि पुढचे पैसे भरले नाहीत, तर अंक बंद होतो, एवढेच. वाचकाकडे कुणाचीही बाकी राहत नाही. तरीही ‘देय’ हा शब्द वापरला, की वाचणाऱ्याला वाटते, आपण कुणाचे तरी देणे लागतो.

हा शब्द आमच्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना किती जड वाटतो, ते सांगायला नको. जनाज्याच्या नमाजआधी मय्यतीचा मुलगा किंवा भाऊ उभा राहून जमलेल्यांना सांगतो, मरहूमांकडे कुणाचे काही देणे असेल तर आम्हाला सांगा, आम्ही फेडू. लहानपणापासून हे ऐकत आलेला माणूस सत्तरी ओलांडतो, तेव्हा किराणा दुकानातले चाळीस रुपयेही उधार ठेवत नाही. त्याच्या हाती लाल अक्षरांतले ‘देय रक्कम’ पडले, तर आधी भरून मोकळे व्हावे असेच त्याला वाटणार.

म्हणून गुरुजींच्या मुलाला आणि अशा सगळ्या मुला-मुलींना आम्हाला एक सांगायचे आहे. तुमचे अब्बा विसरभोळे झाले म्हणून त्यांचे पैसे गेले, असे लगेच समजू नका. ते प्रामाणिक आहेत म्हणून गेले. अशी पत्रे त्या प्रामाणिकपणावरच चालतात. देणे बुडवणाऱ्या माणसावर लाल अक्षरांचा काहीही परिणाम होत नाही.

गप्प बसलात म्हणजे होकार

वर्गणीदाराकडून पैसे काढण्याच्या युक्त्या आजच निघाल्या असे नाही. आमच्या जुन्या वाचकांना व्ही. पी. आठवत असेल. वर्गणी संपली, की मासिकात सूचना यायची. अमुक तारखेपर्यंत नकार कळवला नाही, तर पुढचा अंक व्ही. पी. ने पाठवू, तो परत करून आमचे नुकसान करू नये. मग पोस्टमन अंक घेऊन दारात उभा राहायचा आणि पैसे मागायचा. घरात पैसे असोत-नसोत, पोस्टमनसमोर नाही म्हणायला माणूस संकोचायचा. कित्येक वर्गणीदार असे संकोचानेच टिकून राहिले. आमच्या व्यवसायाने त्या संकोचाचा फायदा घेतला, हे मान्य केले पाहिजे.

आज दारात पोस्टमन नसतो, फोनमध्ये ‘ऑटोपे’ असते. पहिला महिना मोफत किंवा एका रुपयात, पुढे दर महिन्याला खात्यातून आपोआप पैसे कापले जातात. नियम तोच, गप्प बसलात म्हणजे तुमचा होकार आहे. व्ही. पी. निदान परत करता येत होती आणि ती आल्याचे घरातल्या सगळ्यांना कळत होते. इथे पैसे कापल्याचा संदेश येतो इंग्रजीत, तोही इतर पन्नास संदेशांत. दादीच्या फोनवरचे संदेश कोण वाचते?

पैसे पाठवण्याची जी रीत आम्हाला सर्वांत बरी वाटायची, ती मनीऑर्डरची. वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन पडायचे, पण फॉर्मच्या खाली मजकुरासाठी थोडी जागा असायची. त्यात वाचक आपले नाव, पत्ता, वर्गणी क्रमांक लिहायचे. उरलेल्या जागेत कुणी लिहायचे, ‘मुलगी दहावी पास झाली, दुवा करा’. कुणी लिहायचे, ‘मागच्या अंकातला हलीम करून पाहिला, मीठ जास्त सांगितले आहे’. पैसे कुणाचे आणि कशासाठी, हे त्या तुकड्यावरून आम्हाला नक्की कळायचे.

आमची चूक

आता आमच्या चुकीकडे येतो.

गुरुजींच्या पत्रानंतर आम्ही संगणकावर त्यांचे नाव काढले. मुदत मार्चमध्ये संपल्याचे दिसत होते. म्हणजे आमचे स्मरणपत्र बरोबर होते. पण गुरुजींनी स्पष्ट लिहिले होते, ‘१४ फेब्रुवारी रोजी नातवाच्या फोनवरून तीनशे रुपये पाठवले आहेत, रोजनिशीत नोंद आहे.’ म्हणून बँकेचा उतारा काढला. १४ फेब्रुवारीला तीनशे रुपये जमा होते. पाठवणाऱ्याचे नाव नातवाचे, सोबत बारा आकडी क्रमांक. गुरुजींचे नाव नाही, गाव नाही, वर्गणी क्रमांक नाही. आमच्याकडे त्या नावाचा वर्गणीदारच नव्हता, म्हणून ती रक्कम ‘नाव न कळलेली जमा’ या रकान्यात पडून राहिली होती. आणि इकडे आमच्या संगणकाने पैसे भरलेल्या माणसाला पैसे भरा म्हणून पत्र पाठवले.

गुरुजींची रोजनिशी बरोबर निघाली, आमचा संगणक चुकला.

मग आम्ही तो सगळा रकाना तपासायला घेतला. त्यातल्या बऱ्याच रकमा अशाच होत्या. पैसे मुलाच्या, सुनेच्या, जावयाच्या किंवा शेजारच्या दुकानदाराच्या फोनवरून आलेले, आणि वर्गणी मात्र घरातल्या वडीलधाऱ्याच्या नावावर. एका खालांना आम्ही दोनदा स्मरणपत्र पाठवले होते. त्यांचे पैसे भाच्याने रमजानच्या आधीच भरलेले होते. फोन करून माफी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, “मला वाटलं, पोरानं भरले असं खोटंच सांगितलं.” आमच्या एका चिठ्ठीमुळे एका घरात भाच्याच्या शब्दावर शंका आली होती.

यात आमची अडचण नाही असे नाही. नवा वर्गणीदार मिळवण्यापेक्षा जुना टिकवणे कोणत्याही मासिकाला सोपे आणि स्वस्त असते, म्हणून सगळे जुन्याच्या मागे लागतात. शिवाय टपालाची जी सवलत आम्हाला मिळत आली, तीही वर्गणीदारांमुळेच. १८९८ च्या पोस्ट कायद्यात वृत्तपत्र कशाला म्हणावे याच्या अटी होत्या. फार तर ३१ दिवसांच्या अंतराने ते निघावे आणि त्याला खरोखरच्या वर्गणीदारांची यादी असावी. या अटी पुऱ्या करून पोस्टात नोंदणी झाली, की पन्नास ग्रॅमपर्यंतचा अंक २५ पैशांत आणि शंभर ग्रॅमपर्यंतचा ५० पैशांत जायचा. असा दर वर्षानुवर्षे राहिला. तो नसता, तर कोकणातल्या वाडीवर आणि मराठवाड्यातल्या वस्तीवर मराठी मासिके पोहोचलीच नसती. ज्या यादीच्या जोरावर आम्ही उभे राहिलो, त्या यादीतल्या नावाला घाबरवून पैसे मागणे आम्हाला शोभत नाही.

कुरआन मजीदमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याच्या व्यवहाराबद्दल आहे, हे आपल्याला ठाऊक आहेच. व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, आणि देणारा अशक्त असेल किंवा स्वतः सांगू शकत नसेल तर त्याच्या वतीने त्याच्या वलीने न्यायाने सांगावे, असा तिचा आशय आहे. मुदत लिहिणे हे पैसे घेणाऱ्याचे काम आहे. ज्येष्ठांच्या बाजूने नीट उभे राहणे हे घरच्यांचे काम आहे.

कायदा काय म्हणतो

अशा प्रकारांबद्दल आता काही नियमही झाले आहेत. ते घरात सर्वांना माहीत असावेत.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत १३ प्रकार सांगितले आहेत. खोटी घाई निर्माण करणे हा त्यांतला एक. वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे मुद्दाम अवघड ठेवणे हा दुसरा. ही तत्त्वे ऑनलाइन व्यवहारांसाठी असली, तरी कागदावरच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल आणि अनुचित व्यापार प्रथेबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते.

खात्यातून आपोआप पैसे कापण्याबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. त्यांनुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावे लागते आणि ग्राहकाला ती परवानगी केव्हाही मागे घेता येते. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ नावाचा भाग असतो. तो उघडला, की कुणाकुणाला आपण परवानगी देऊन बसलो आहोत ते दिसते. नको असलेली तिथेच रद्द करता येते. पुढच्या सुट्टीला घरी जाल, तेव्हा अम्मी-अब्बांना शेजारी बसवून हे एकदा पाहा. त्यांच्या हातून फोन काढून घेऊ नका. बोट त्यांचेच चालू द्या.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे काम झाले नाही, तर आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. आपण राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, मासिकाच्या गावी जावे लागत नाही. वकील लागतोच असे नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. मात्र दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, म्हणून पावत्या जपून ठेवा. वर्गणीच्या नावाखाली कुणी ओटीपी मागितला किंवा लिंक पाठवली, तर ती सरळ फसवणूक समजा. त्यात पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

आणि कोर्टकचेरीच्या आधी एक साधे पत्र लिहा. माझे पैसे दोनदा आले आहेत, मुदत वाढवा किंवा रक्कम परत करा, एवढेच. सोबत पावत्यांच्या झेरॉक्स जोडा. गुरुजींनी आमच्या सांगण्यावरून आरोग्याच्या मासिकाला असे पत्र पाठवले. त्यांच्याकडून पाचही वर्षांची मुदत लिहून आली. पैसे परत आले नाहीत, पण हिशेब तरी कागदावर आला.

घरात काय करता येईल

गुरुजींची रोजनिशी पाहून आम्हाला वाटते, प्रत्येक घरात वर्गण्यांचे एक पान असावे. मासिकाचे नाव, वर्गणी क्रमांक, पैसे कधी आणि कुणाच्या फोनवरून पाठवले, मुदत कधी संपते. एवढ्या चार गोष्टी. हे पान वडीलधाऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहावे. नजर साथ देत नसेल तर नातवाने लिहावे, पण त्यांनी सांगावे तसे. मुदत संपल्याचे पत्र आले, की आधी हे पान पाहायचे आणि मगच पैसे पाठवायचे. पत्र लाल शाईत असो की सोनेरी.

मुलांना आणखी एक विनंती. पैसे दोनदा गेले म्हणून मासिक परस्पर बंद करू नका. बाहेर जाणे कमी झालेल्या माणसाच्या नावाने घरात काय येते? पेन्शनची चिठ्ठी, दवाखान्याचा कागद आणि महिन्यातून एकदा हा अंक. वेष्टनावर त्यांचे नाव छापलेले असते. कित्येक घरांत ते वेष्टन आधी त्यांच्याच हाती द्यायचे, मग ते फोडणार, मग अंक इतरांना मिळणार, असा रिवाज आहे. मासिक नको असेल तर तेही त्यांनाच ठरवू द्या. वाचवत नसेल, तर मगरिबनंतर दहा मिनिटे वाचून दाखवा. तेवढ्या वेळात मुलांचे मराठीही सुधारेल.

आणि वर्गणीदार अल्लाहला प्यारे झाले असतील, तर आम्हाला एक ओळ कळवा. मरहूमांच्या नावाने स्मरणपत्र जाऊन घरच्यांना त्रास होतो, याची आम्हाला जाणीव आहे. एका लेकीने मात्र आम्हाला कळवले होते, अब्बांचा इंतकाल झाला, पण अंक त्यांच्याच नावाने येऊ द्या, पैसे मी भरीन. तो अंक आजही त्याच नावाने जातो.

आम्ही ठरवले आहे

गुरुजींच्या पत्रानंतर आम्ही कार्यालयात बसून काही गोष्टी ठरवल्या. पुढच्या अंकापासून वेष्टनावर तुमच्या नावाखाली तुमची मुदत ज्या महिन्यात संपते तो महिना आणि वर्ष मराठीत, ठळक अक्षरांत छापले जाईल. मुदतीच्या एक महिना आधी एक स्मरणपत्र येईल आणि शेवटच्या अंकासोबत दुसरे. तिसरे येणार नाही. त्या पत्रांत ‘देय’ हा शब्द नसेल आणि ‘शेवटची सूचना’ही नसेल. उलट खाली एक वाक्य छापलेले असेल, की वर्गणी चालू ठेवायची नसेल तर काहीही करण्याची गरज नाही, आपल्याकडे आमची कोणतीही बाकी नाही.

पैसे दोनदा आले तर आम्ही ते मुकाट्याने पुढच्या वर्षात ढकलणार नाही. आधी पत्राने किंवा फोनने विचारू, मुदत वाढवायची की रक्कम परत हवी. निनावी जमा झालेल्या रकमांच्या तारखा आणि आकडे अंकाच्या शेवटच्या पानावर देऊ, म्हणजे ज्याचे त्याला ओळखता येईल. तुमच्याकडून एवढेच हवे आहे, की फोनवरून पैसे पाठवलेत तर ज्यांच्या नावाची वर्गणी आहे त्यांचे नाव, गाव आणि वेष्टनावरचा क्रमांक आम्हाला लगेच कळवा. मनीऑर्डरच्या फॉर्मखाली लिहायचा तसाच. दुवा आणि हलीमच्या मिठाबद्दलही लिहिलेत तर आनंदच आहे.

यात आमचे थोडे नुकसान होईल. न घाबरवता मागितले, तर काहीजण पैसे पाठवायचे राहूनच जातील, हे आम्हाला कळते. पण भीतीने टिकलेला वर्गणीदार अंक आवडीने वाचत नसतो, आणि न वाचलेल्या अंकासाठी पैसे घेण्यात आम्हाला समाधान नाही.

गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावर पाठवले. घरात कुणालाही वाचता यावे म्हणून मुद्दामच पोस्टकार्ड घेतले. त्यावर लिहिले, ‘आपली वर्गणी पुढील वर्षाच्या मार्चपर्यंत भरलेली आहे. १४ फेब्रुवारीची आपल्या रोजनिशीतली नोंद बरोबर आहे. चूक आमच्या कार्यालयाची होती. माफ करावे.’

या महिन्यात त्यांचे उत्तर आले. पोस्टकार्ड मुलाने वाचले, एवढेच त्यांनी लिहिले आहे. त्यावर तो काय म्हणाला हे लिहिलेले नाही, आणि आम्ही विचारलेही नाही. पत्रासोबत पुढच्या वर्षाची वर्गणी होती, मुदत संपायला अजून कितीतरी महिने असताना. या वेळी पैसे नातवाच्या फोनवरून आले नव्हते. चेक होता, आणि त्यावर सही गुरुजींची होती.